सभासद कोणाचा, हे कोणी ठरवावे?

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन आकुर्डी, चिंचवड, भोसरी या गावांच्या शेतजमिनींवर कारखान्यांची छपरे दिसू लागली, टेल्को आणि बजाज यांच्याभोवती लहानमोठ्या पुरवठादार कारखान्यांचे जाळे विणले गेले, आणि पुढे हाच विस्तार इंद्रायणी ओलांडून चाकण, महाळुंगे व तळेगावपर्यंत जाऊन पोहोचला. या सत्तर वर्षांत मालक आणि कामगार यांच्यात जे झगडे झाले त्यांची नोंद वर्तमानपत्रांनी वेळोवेळी घेतली आहे. परंतु एकाच कारखान्यातील दोन कामगार संघटनांमध्ये ‘हा सभासद आमचा की तुमचा, आणि मुळात तो सभासद होण्यास पात्र तरी आहे काय’ या प्रश्नावरून जे दावे औद्योगिक न्यायालयाच्या दप्तरात वर्षानुवर्षे पडून राहतात, त्यांच्याकडे कारखान्याबाहेरील समाजाचे लक्ष क्वचितच जाते. वरवर पाहता हा दोन पुढाऱ्यांतील मानापमानाचा तंटा वाटतो. प्रत्यक्षात त्या तंट्याच्या निकालावर हजारो कुटुंबांची पगारवाढ, बोनस आणि नोकरीची शाश्वती अवलंबून असते, आणि म्हणूनच त्याचा विचार वकिलांवर सोपवून आपण मोकळे होणे बरोबर नाही.

या दाव्यांचे मूळ महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात आहे. कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा हा अधिनियम ८ सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आला आणि त्या काळी तो देशातील एक पुरोगामी कायदा म्हणून गौरविला गेला, हे योग्यच होते. कारण मालकाने मर्जीतील संघटना पोसावी आणि नावडत्या संघटनेच्या कार्यकर्त्यांना छळावे, या वहिवाटीस त्याने स्पष्ट शब्दांत मनाई केली. पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या उपक्रमात, अर्जाच्या महिन्यापूर्वीचे सलग सहा महिने किमान तीस टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद असतील तिला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळू शकते. एका उपक्रमात एका वेळी एकच संघटना मान्यताप्राप्त असू शकते. आणि एकदा मान्यता मिळाली की दोन वर्षे तिच्या जागी दुसरीला अर्ज करता येत नाही. मान्यताप्राप्त संघटनेशी झालेला करार सर्व कामगारांना, विरोधी संघटनेच्या सभासदांनाही, बंधनकारक ठरतो. सामुदायिक वाटाघाटीचा अधिकार असा एका हाती देण्यास घटनात्मक आक्षेप घेतला गेला होता, परंतु बामर लॉरीच्या प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. इतका मोठा अधिकार ज्या एका आकड्यावर अवलंबून आहे, तो आकडा कसा मोजतात, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सभासद म्हणजे महिन्याला किमान पन्नास पैसे वर्गणी भरणारा आणि मागील सहा महिन्यांत तीन महिन्यांहून अधिक काळ थकबाकीत न राहिलेला कामगार. पन्नास पैसे ही रक्कम आज नाममात्र असली, तरी तिची पावती नाममात्र नाही. अर्ज दाखल झाला की न्यायालयाचा तपास अधिकारी पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, सभासद नोंदवही, कार्यकारिणीच्या सभांचे इतिवृत्त आणि कंपनीचा हजेरीपट समोर ठेवून एकेक नाव ताडून पाहू लागतो, आणि तेथपासून हरकतींचा पाऊस सुरू होतो. या पावतीवरची सही त्या कामगाराची नाही. या माणसाने त्याच महिन्यात दोन्ही संघटनांची वर्गणी भरली आहे. तो मार्चमध्ये राजीनामा देऊन आमच्याकडे आला होता, पण त्याचा राजीनामा तुम्ही मंजूर केला नाहीत. हा तर ‘टीम लीडर’, म्हणजे पर्यवेक्षक, म्हणून कामगारच नव्हे. तो शिकाऊ, हा ठेकेदाराचा, तिसरा बडतर्फ. प्रत्येक हरकतीमागे एक प्रतिज्ञापत्र, प्रत्येक प्रतिज्ञापत्रामागे एक उलटतपासणी, प्रत्येक उलटतपासणीसाठी एक तारीख. निकाल लागला तरी उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडाच असतो. या अवधीत जुन्या वेतनकराराची मुदत संपून जाते, नवे मागणीपत्र कोणी द्यायचे हेच ठरत नाही, आणि व्यवस्थापन अत्यंत शांतपणे सांगते की न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत आम्ही कोणाशीही बोलू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही. ज्या घरात करार न झाल्यामुळे दोन-दोन वर्षे पगार जागच्या जागी राहतो आणि घराच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही, त्या घराला या निर्दोषपणाचा काही उपयोग नसतो.

या विषयावर लिहिताना पिंपरीच्या माणसाला टेल्कोची आठवण टाळता येत नाही. १९८८ साली कंपनीने बडतर्फ केलेले राजन नायर हे टेल्को कामगार संघटनेचे नेते होते आणि कारखान्यातील कामगारांवर त्यांचा प्रभाव होता; व्यवस्थापनाने मात्र वाटाघाटीसाठी टेल्को एम्प्लॉईज युनियन ही दुसरी संघटना पत्करली आणि सप्टेंबर १९८९ मध्ये तिच्याशी वेतनकरार केला. त्याच महिन्यात नायर यांच्या अनुयायांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर उपोषण आरंभिले, आणि महिनाअखेरीस पहाटेपूर्वी पोलिसांनी त्या हजारो उपोषणकर्त्यांना गाड्यांत घालून नेले. नायर यांच्या पद्धतीविषयी, हिंसेच्या आरोपांविषयी आणि व्यवस्थापनाच्या हेतूंविषयी तेव्हा तीव्र मतभेद होते व आजही आहेत. त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु इतके निश्चित म्हणता येईल की, कोणती संघटना कामगारांची खरी प्रतिनिधी हा जो प्रश्न कामगारांनाच शांतपणे विचारून काही दिवसांत सुटण्याजोगा होता, त्याचे उत्तर उपोषण, करार आणि अटक यांच्या मार्गाने शोधले गेले, आणि त्या घटनेची भीती या पट्ट्यातील कामगार चळवळीच्या मनात पुढे कितीतरी वर्षे राहिली.

मुंबईच्या गिरण्यांतही हेच झाले होते, केवळ तेथे कायदा निराळा होता. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ अन्वये राष्ट्रीय मिल मजदूर संघ हा कापड गिरण्यांतील प्रातिनिधिक संघ होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तरी कायद्याच्या दप्तरात त्या सर्वांचा प्रतिनिधी तोच जुना संघ राहिला. दप्तरात एक आणि दरवाज्यावर दुसरे, अशी अवस्था झाली की तडजोडीला बसायचे कोणी हाच प्रश्न शिल्लक राहतो, आणि गिरणगावाने त्याची किंमत किती मोजली हे महाराष्ट्राला सांगावयास नको.

मग गुप्त मतदान घेऊन हा प्रश्न का सोडवीत नाहीत, असे सामान्य वाचकाला सहज वाटेल. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीतील दोन संघटनांच्या वादात नेमके तेच करण्यात आले होते. परंतु १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की १९७१ च्या कायद्यात मान्यतेची कसोटी सभासदत्व ही आहे, मतदान ही नाही, आणि उभय पक्षांची संमती असली तरी कायद्याने घालून दिलेल्या रीतीऐवजी मतदानाची रीत वापरता येणार नाही. कायद्याचा अर्थ म्हणून तो निर्णय योग्य असेल. कायदाच अपुरा आहे, असे माझे म्हणणे आहे. पुढे १९९५ साली भारतीय अन्न महामंडळाच्या संघटनांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने गुप्त मतदानाने प्रातिनिधिक संघटना ठरविण्याची तपशीलवार पद्धती आखून दिली, तेव्हा ही रीत अव्यवहार्य आहे असेही कोणास म्हणता येणार नाही.

सभासदत्वाच्या कसोटीच्या बाजूने एक विचार मांडला जातो आणि तो हलका नाही. मतदान हे एका दिवसाच्या आवेगाचे फळ असते, एखाद्या गेट मीटिंगमधील तडाखेबंद भाषणाने ते फिरते. उलट सहा महिने नियमाने वर्गणी भरणारा कामगार विचारपूर्वक संघटनेत आलेला असतो आणि अशा स्थिर सभासदत्वावरच जबाबदार संघटना उभी राहते, असा तो विचार आहे. संघटना हे नुसते मत नसून एक दीर्घ बांधिलकी आहे, यात शंका नाही. तथापि वर्गणीची पावती उघड असते, आणि उघड गोष्टीवर दडपण आणता येते, व्यवस्थापनाला आणि प्रबळ संघटनेलाही. नव्या संघटनेने कारखान्याच्या दारावर फलक लावल्यापासून सहा महिने थांबावयाचे, म्हणजे त्या सहा महिन्यांत तिच्या पहिल्या दहा-वीस कार्यकर्त्यांची दूरच्या प्रकल्पात बदली, आरोपपत्र किंवा निलंबन यांस पुरेसा अवकाश देणे होय. चाकणच्या कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याला विचारावे. संघटना नोंदविण्यापेक्षा हे सहा महिने काढणे कठीण, असेच तो सांगेल. मतदानाच्या चिठ्ठीवर कोणाचे नाव नसते, हे तिचे मोठे सामर्थ्य आहे.

आता मी या विषयाच्या ज्या भागाकडे येतो, तो मला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. तीस टक्के हा अपूर्णांक आहे आणि अपूर्णांकाला छेद असतो. दोन संघटना अंशासाठी भांडतात, एकमेकींच्या पावत्या खोट्या ठरवितात. परंतु छेद काय धरावा, म्हणजे कारखान्यातील ‘एकूण कामगार’ कोण, याविषयी दोघींचेही मालकाशी बहुधा एकमत असते. चाकणच्या एखाद्या गाड्यांच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला उभे राहून पाहावे: एकाच लाइनवर, एकाच वेगाने सरकणाऱ्या सांगाड्याच्या डाव्या अंगाला दार बसविणारा आणि उजव्या अंगाला दार बसविणारा हे दोघे तरुण असतात, दोघांच्याही हातांत तेच हत्यार, दोघांनाही तेच लक्ष्य, पण एकाच्या गळ्यातील ओळखपत्र कंपनीचे आणि दुसऱ्याचे ठेकेदाराचे, एक कायम आणि दुसरा कंत्राटी, कोठे शिकाऊ, तर कोठे मध्यंतरी काही वर्षे चाललेल्या नीम योजनेतील प्रशिक्षणार्थी. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ चे अठरावे कलम सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कंत्राटी कामगाराविषयी पुण्याच्याच कल्याणी स्टील्सच्या उपाहारगृहातील कामगारांच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की मूळ कंपनीशी मालक-नोकर हे नाते आधी निर्विवाद असेल किंवा योग्य मंचापुढे सिद्ध झाले असेल, तरच १९७१ च्या कायद्याखाली दाद मागता येईल. परिणाम असा की, ज्या तरुणाच्या श्रमावर अर्धी लाइन चालते, तो अंशात नसतो आणि छेदातही नसतो. वाटाघाटीच्या मेजावर त्याच्याविषयी बोलणारे कोणी नसते, आणि आश्चर्य असे की, या वगळण्याला औद्योगिक न्यायालयात कोणी हरकतही घेत नाही.

याचे खापर केवळ कायद्यावर फोडणे न्याय्य होणार नाही. १९२६ च्या कामगार संघटना अधिनियमाने, म्हणजे १९२१ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात ज्याच्यासाठी ठराव आणला त्या कायद्याने, कंत्राटी कामगाराला संघटनेचा सभासद होण्यास कधीही मज्जाव केला नाही. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला, संघटनेच्या नियमांच्या अधीन राहून, सभासद होता येईल, एवढेच तो म्हणत होता. अडसर त्या ‘नियमांच्या अधीन राहून’ या शब्दांत आहे, आणि ते नियम संघटनांनी स्वतः लिहिले आहेत. या पट्ट्यातील अनेक अंतर्गत संघटनांच्या घटनेत सभासदत्वाचे कलम अमुक कंपनीच्या कायम कामगारांपुरते मर्यादित असते. त्यामागील भीती मी समजू शकतो: कंत्राटी कामगार आज आहे आणि उद्या नाही, त्याचे मत फिरविणे ठेकेदाराला सोपे, आणि त्याची संख्या मोठी असल्याने कायम कामगारांनी वर्षानुवर्षे लढून मिळविलेले करार त्याच्या मतांनी बुडतील, अशी ती भीती आहे. परंतु प्रत्येक नव्या करारागणिक कायम कामगारांची संख्या घटत असताना आणि रिकाम्या जागा कंत्राटी माणसांनी भरल्या जात असताना, संघटनेच्या दाराला आतून कडी घालून तिचे बळ टिकेल असे मानणे मला घातक वाटते. संपाच्या दिवशी लाइन चालू ठेवण्यास जो माणूस उपयोगी पडतो, त्याला सभासद करून घेण्याची सोय आपल्या घटनेत नसावी, हा या संघटनांचा स्वतःच्या हिताविरुद्ध केलेला व्यवहार आहे.

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे उदाहरण स्मरणीय ठरते. त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनपाशी ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना लिखित नियम. आजच्या तपास अधिकाऱ्यापुढे ती संस्था एक दिवसही टिकली नसती. तरी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती तिच्याच चळवळीमुळे, आणि ती सुट्टी मिळताना अमुक कामगार यादीत आहे की नाही हे कोणी पाहिले नाही. यादी नकोच, असा याचा अर्थ कोणी काढू नये. नियमबद्ध संघटनेशिवाय आधुनिक उद्योगातील वाटाघाटी अशक्य आहेत. मात्र यादी ही कामगारांसाठी असते, हा क्रम उलटा होऊ देता कामा नये.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि तिने या प्रांतात काही नवे दरवाजे उघडले आहेत. उपक्रमाच्या हजेरीपटावरील एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरेल, आणि कोणासही तेवढा पाठिंबा नसेल तर किमान वीस टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून वाटाघाटी परिषद बनेल, ही तरतूद स्वागतार्ह आहे. कारण अल्पमतातील संघटनेलाही मेजावर जागा मिळाली की तिला मान्यताप्राप्त संघटनेच्या पावत्या खोट्या ठरविण्याची एवढी निकड राहणार नाही. दोन संघटनांमधील वाद आणि सभासदत्व नाकारले गेलेल्या कामगाराची संघटनेविरुद्धची तक्रार न्यायाधिकरणापुढे नेण्याची सोयही संहितेत आहे. महाराष्ट्राने पूर्वीच १९२६ च्या कायद्यात दुरुस्ती करून, अमुक व्यक्ती संघटनेची सभासद आहे की नाही आणि तिला गैररीतीने काढून टाकले काय, असे वाद निबंधकाच्या संमतीने औद्योगिक न्यायालयाकडे नेण्याची वाट दिली होती. परंतु ती आत असलेल्यांसाठी होती, दाराबाहेर उभ्या असलेल्यासाठी नव्हती. दुर्दैवाने संहितेचे मोजमापही पुन्हा हजेरीपटावरच येऊन थांबते, आणि हजेरीपट मालक लिहितो. शिवाय संहितेने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांच्या यादीत महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा नाही; तीस टक्क्यांचे माप की एक्कावन्नचे, या प्राथमिक हरकतीवरच पुढील काही वर्षे वकिलांचे युक्तिवाद झडत राहू नयेत, यासाठी राज्य शासनाने विलंब न लावता स्पष्ट भूमिका घेतली पाहिजे आणि ती घेताना ठरावीक मुदतीच्या आत गुप्त मतदान ही रीत नियमांत निःसंदिग्धपणे घातली पाहिजे.

तथापि सर्वच गोष्टींसाठी शासनाकडे पाहण्याची गरज नाही. ब्रिटनमधील संघटनांनी १९३९ साली ब्रिडलिंग्टन येथील अधिवेशनात आपसांत करार केला की एकीने दुसरीचे सभासद ओढून घेऊ नयेत, आणि वाद झाल्यास तो त्यांच्या मध्यवर्ती काँग्रेसच्या समितीपुढे मिटवावा. त्या करारात दोष होते, प्रबळ संघटनांना त्याने झुकते माप दिले, पण कामगारांचा तंटा मालकाच्या डोळ्यांदेखत न्यायालयात नेण्याची वेळ त्याने पुष्कळदा टाळली. पिंपरी-चिंचवडमध्ये श्रमिक एकता महासंघासारखे व्यासपीठ आहे, निरनिराळ्या झेंड्यांच्या संघटना मोर्च्यात आणि देशव्यापी संपात खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. त्याच संघटनांनी सभासदत्वाच्या तंट्यांसाठी एखादे आपसांतील पंचमंडळ नेमणे मुळीच अशक्य नाही. निवृत्त न्यायाधीश, कामगार कायद्याचे अभ्यासक आणि दोन्ही बाजूंना मान्य असा एखादा जुना कार्यकर्ता, एवढ्यावर ते चालू शकेल.

त्याहूनही जवळचे काम प्रत्येक संघटनेच्या स्वतःच्या हातात आहे. वेतनकराराची मुदत संपत आलेल्या संघटना नवे मागणीपत्र तयार करण्यासाठी सर्वसाधारण सभा बोलावतात. त्याच सभेपुढे, मागणीपत्राच्या आधी, आपल्या घटनेतील सभासदत्वाचे कलम वाचून दाखवावे, ‘कायम कामगार’ या शब्दांच्या जागी ‘या उपक्रमात काम करणारा प्रत्येक कामगार, मग त्याचे वेतन कोणीही देवो’ असे शब्द घालण्याचा ठराव मांडावा, त्यावर होईल तेवढी गरम चर्चा होऊ द्यावी आणि मग गुप्त मतदान घ्यावे. घटनेतील ही दुरुस्ती कामगार संघटनांच्या निबंधकाकडे नोंदवावी लागते. तिच्यासाठी मालकाची संमती लागत नाही, दुसऱ्या संघटनेचे ना हरकत पत्र लागत नाही, आणि ठेकेदाराला विचारण्याचे तर कारणच नाही.